साहित्य : पिशव्या, उष्णता

रेवती केणी पहिल्यांदा दुकानात आली
तेव्हा वाटलं, ओढणीबिढणी आणली असेल.
तिनं टेबलावर ओतल्या पिशव्या,
खारेगावच्या खाडीतून उपसलेल्या,
तीन पाण्यांनी धुतलेल्या, तरी
एखादीच्या कोपऱ्यात तिवराचं पान
चिकटून राहिलेलं,
शर्टाच्या खिशात विसरलेल्या पावतीसारखं.

"काकू, आठनंतर इस्त्री द्याल? भाडं देते."
इस्त्री मी कुणाला देत नाही.
हात देते म्हटलं. नगाला सहा रुपये.
"पण नग कसे मोजायचे?"
तेही खरंच.

मग रोज रात्री शटर अर्धं खाली,
पंखा बाहेर तोंड करून, नाकाला ओला रुमाल.
तिचा मित्र जोएल पिशव्यांचे कान कापायचा.
वर बटर पेपर, खाली बटर पेपर,
मध्ये चार-पाच थर.
पहिल्या दिवशी सगळं आक्रसून
पापडासारखं वर आलं, आणि वास असा
की दुसऱ्या मजल्यावरच्या भोईरबाई
गाऊनवर टॉवेल टाकून खाली आल्या.

कॉलेजात त्यांना शिकवलं असेल काहीबाही.
पण सुती कुठे संपतं, टेरिकॉट कुठे लागतं
ते मनगटाला कळतं.
किराण्याची पातळ पिशवी म्हणजे जॉर्जेट :
टेकवायची की उचलायची.
दुधाची जाड, तिला जरा बसू द्यायचं.
काळीचा मात्र भरवसा नाही.
माझ्या नवऱ्याची कोळशाची इस्त्री होती तशी,
आत काय चाललंय, वरून कळायचं नाही.

विचारलं, काय करताय? मोर? कमळ?
"चिखल," रेवती म्हणाली.
"ओहोटीचा. कळव्याच्या पुलावरून दिसतो तो."
मला हसूच आलं.
ज्यातून काढलं,
घासून घासून जो काढला,
त्याचाच परत चिखल?
"हो," जोएल म्हणाला, "पण बघितलेला."

तेव्हापासून पुलावरून जाताना मीही बघते.
काळा नसतोच तो.
जांभळट असतो, शेवाळी असतो,
करपलेल्या टोपाच्या बुडासारखा असतो,
आणि ऊन कललं की मध्येच कुठेतरी
दुधाची पिशवी उलटून ठेवल्यासारखा लखलखतो.
तीस वर्षं गेले-आले मी त्यावरून,
नाकाला पदर लावून.

एका रात्री ढिगातून निघाली :
मखर साडी सेंटर, जांभळी नाका.
खाली फोन नंबर, सहाच आकड्यांचा.
आमच्या लग्नाचा बस्ता तिथलाच.
आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.
ही पिशवी माझीच असेल असं नाही.
पण माझी होती ती कुठे गेली, हेही
मला सांगता येणार नाही.
कुणाला बोलले नाही.
अक्षरं आत करून पालथी घातली,
आणि इस्त्री जरा जास्तच वेळ ठेवली.

तलावपाळीजवळच्या हॉलात भिंतभर लावला चिखल.
लोक लांबून बघत होते, मग जवळून,
मग चपला बघत होते आपापल्या.
मी खाली उजव्या कोपऱ्यात शोधलं.
होते तिथे उलटे सहा आकडे,
फिकट,
खेकडा चालून गेल्यासारखे.

बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं :
साहित्य – टाकलेल्या पिशव्या, उष्णता.
एका झब्बेवाल्यानं विचारलं,
"उष्णता म्हणजे नक्की काय वापरलंय?"
रेवतीनं माझ्याकडे बोट केलं.
मी पर्स या खांद्यावरून
त्या खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी विंगचे कारखानीस
पांढरा शर्ट घेऊन परत आले.
"याला कसला वास येतोय हो?"
खाडीचा, म्हटलं.
उन्हात टाका,
जाईल.